तिसरा सरेपर्यंत

“तिसरा सरेपर्यंत कोणाला बोलायचं नाही. माहेरी नाही, शेजारी नाही, भिंतीलासुद्धा नाही.”

जिजींचा आवाज. सुहासिनीबाईंच्या सासूबाईंना घरात सगळे जिजी म्हणत. त्या जाऊन किती वर्षं लोटली, पण हा आवाज काही गेला नाही. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता जिजी हे बोलल्या होत्या, आणि सुहासिनीबाईंनी त्यातला शब्द न् शब्द पाळला होता. समरच्या वेळी उलट्यांनी जीव नकोसा झाला, तरी शेजारणींना त्या ‘पित्त झालंय’ असंच सांगत राहिल्या. समर सुखरूप झाला. मग त्या सांगण्यात खोट काढायची कशी आणि का?

त्यामुळे ग्लासगोत, शॉलंड्सच्या फ्लॅटच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात सून कस्तुरी जेव्हा फ्रीजला टेकून उभी राहिली आणि “आई, एक सांगायचं होतं,” म्हणाली, तेव्हा सुहासिनीबाईंनी आधी तिला जवळ घेतलं, मग देवापुढे साखर ठेवली, आणि मग जिजींचंच वाक्य जिजींच्याच सुरात तिच्या पदरात टाकलं.

“कामावर तरी सांगायला लागेल ना, आई?” कस्तुरी हसत म्हणाली.

“कशाला? दिसायला लागलं की कळेलच त्यांना. तोवर बोलू नये. दृष्ट लागायला काय, देश कुठलाही चालतो.”

कस्तुरीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग मान डोलावली. आईविना वाढलेली पोर. लग्न होऊन आल्यापासून सासूचा शब्द तिनं कधी वाया जाऊ दिला नव्हता, आणि सुहासिनीबाईंनाही ते ठाऊक होतं. म्हणूनच त्या सहसा तिला काही सांगत नसत. हे मात्र सांगितलं.

सुहासिनीबाई डिसेंबरात आल्या होत्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. इथेही त्यांचे नेम सुरू होते. पहाटे आंघोळ, खिडकीशी मांडलेल्या देवांपुढे निरांजन, मग विष्णुसहस्रनाम. ते संपेपर्यंत पाण्याचा घोट नाही की कोणाशी शब्द नाही. उदबत्ती तेवढी बंद झाली होती, कारण पहिल्याच दिवशी छताला लावलेला धुराचा अलार्म असा काही कोकलला की वरच्या मजल्यावरची बाई झोपेच्या कपड्यांत खाली आली. एका नेमाची मात्र रोज चुटपुट लागे. पुण्याला त्या पहिली पोळी गायीला काढून ठेवत. इथे पहिली पोळी काढायची आणि संध्याकाळी आपणच खायची.

“अगं, तू दिवसभर गायींच्यात असतेस,” त्या एकदा म्हणाल्या, “एवढी एक पोळी नेत जा की.”

“आई, इथे घरातलं अन्न गुरांना घालणं बेकायदा आहे. खरंच. रोग पसरतात म्हणून. पोळी घातली तर फर्गस मला त्या गायीच्या शेजारी बांधेल.”

फर्गस म्हणजे कस्तुरीच्या सेंटरचा मॅनेजर. मुंबईला गुरांची डॉक्टरकी शिकलेली कस्तुरी किलमार्नॉकपलीकडच्या त्या सेंटरमध्ये गायींच्या गर्भांवर काम करायची. म्हणजे नेमकं काय, हे सुहासिनीबाईंनी कधी फारसं विचारलं नव्हतं. शेजारणींना ‘सून गोसेवेत आहे’ असं त्या सांगत, आणि ते ऐकून समर पोट धरून हसे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी समरला शिफ्ट होती आणि कस्तुरीलाही कामावर जायचं होतं. एकट्या बसून काय करणार, म्हणून सुहासिनीबाई तिच्याबरोबर निघाल्या. पोळी नाही तर नाही, निदान गायीच्या पाठीवर हात तरी फिरवता येईल.

गाडीत कस्तुरी खुशीत होती. उलट्या थांबल्या होत्या. तिनं शुक्रवारची गंमत सांगितली. गायींची नवी तुकडी सुरू करायच्या आधी फर्गस चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारतो, “कोणी प्रेग्नंट आहे का इथे? असेल तर आत्ताच सांगा.” त्यावर म्हातारा डगी स्वतःच्या ढेरीवर हात ठेवून उभा राहिला, म्हणाला, “सातवा लागलाय, बापाचं नाव विचारू नका.” सगळे खो खो हसले. एली म्हणाली, “आमच्या नशिबात कुठलं आलंय!”

“एली कोण?”

“माझ्याबरोबर असते ती. पस्तिशीची आहे. मूल व्हावं म्हणून फार वाट बघतायत दोघं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी? मी चहा पीत होते.”

सुहासिनीबाईही हसल्या. हा माणूस असं चारचौघांत का विचारतो, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

सेंटरला पोचल्यावर त्यांना गुडघ्यापर्यंत येणारे हिरवे वेलीज, म्हणजे रबरी बूट मिळाले, ते जंतुनाशकाच्या टबात बुडवून मगच आत जायचं. सलवार-कमीजवर निळा कोट, खाली ते बूट. “आई, एक फोटो!” कस्तुरी म्हणाली. “खबरदार,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

आत गोठा कसला, कारखानाच होता. लांबच लांब पत्र्याची शेड, लोखंडी दांड्या, रबराच्या गाद्या, आणि कानांत पिवळे नंबर घातलेल्या प्रचंड गाई. शेणाचा वास मात्र ओळखीचा. त्यांनी डोळे मिटून तो एकदा छातीत भरून घेतला. एका काळ्या-पांढऱ्या गायीला सगळे डचेस म्हणत. तिच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मनातल्या मनात नमस्कार केला. अंग तापल्या तव्यासारखं गरम होतं.

“हिची बीजं फार मोलाची,” कस्तुरी म्हणाली. “एरवी गाय एका वेळी एकच बीज पिकवते. बाकीची मागे पडतात आणि विरून जातात. आपण बाहेरून हार्मोन देतो. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, थोडं थोडं कमी करत. मग मागे पडलेलीही पिकतात. दहा, कधी पंधरा.”

“आणि एवढी वासरं एका पोटात?”

“पोटात ठेवत नाही. सात दिवसांचे गर्भ झाले की गर्भाशय धुऊन ते बाहेर काढतो. सूक्ष्मदर्शकाखाली चांगले निवडायचे आणि दुसऱ्या साध्या गायींच्या पोटात ठेवायचे. हिची पुन्हा पुढची तुकडी.”

सुहासिनीबाईंचा हात डचेसच्या पाठीवरच होता. “म्हणजे हिला कळतच नाही?”

“काय?”

“राहिला होता म्हणून.”

कस्तुरी सिरिंज भरत होती. “सात दिवसांत नाही कळत. गाईला कळतं ते साधारण सोळाव्या दिवशी. तेव्हा गर्भ दोऱ्याएवढा झालेला असतो, आणि त्यालाच आईला निरोप द्यावा लागतो, मी आहे म्हणून. एक प्रथिन सोडतो तो. निरोप पोचला तर आई त्याला ठेवून घेते.”

“आणि नाही पोचला तर?”

“तर तिला वाटतं, कोणी नाहीच. मग तिचंच शरीर हे तयार करतं.” तिनं हातातली छोटी बाटली दाखवली. “प्रोस्टाग्लँडिन. गर्भ टिकवणारं हार्मोन ज्या गाठीतून येतं ना, ती गाठ हे विरवून टाकतं. मग गाय पुन्हा माजावर येते. आम्हाला गाय ठरल्या दिवशी माजावर यायला हवी असते, म्हणून आम्ही ते टोचतो.”

“आणि चुकून गाभण गाईला टोचलं तर?”

“पडतं, आई.”

ती हे बाटलीकडे बघत म्हणाली. शेडच्या दुसऱ्या टोकाला फर्गस कोणाशी तरी फोनवर बोलत होता. पत्र्यावर गारांचा बारीक आवाज सुरू झाला.

“आणि बाईमाणसाला?”

“माणसाच्या गर्भाशयालाही कळा आणतं. कातडीतून आत जातं. म्हणून तर फर्गस विचारतो.” मग तिनं सासूकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून, आणि पापणी न लववता. “दोन-दोन ग्लोव्ह्ज घातलेत मी.”

सुहासिनीबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग शेडच्या दुसऱ्या टोकाकडे. फर्गस हाकेच्या अंतरावर होता. पण तिसरा सरायला आता थोडेच दिवस राहिले होते, अगदी थोडे. एवढे निभले, तेवढेही निभतील.

“मग जप हं,” त्या म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या.

कस्तुरीनं नजर काढून घेतली आणि डचेसच्या मानेशी गेली.

पुढचं सगळं श्वास घ्यायच्या आत झालं. सुई टोचली आणि गायीनं मान झटकली. कस्तुरीचा हात दांडी आणि मान यांच्यामध्ये सापडला. तिनं तो ओढून काढला तेव्हा दोन्ही ग्लोव्ह्ज कडीला अडकून मनगटापाशी टरकन फाटले, आणि सिरिंजमधलं उरलेलं औषध बाहीच्या आत ओघळलं. सिरिंज खाली पडली. पलीकडून एक तांबूस केसांची उंच बाई धावत आली, तीच एली. तिनं ती सिरिंज नुसत्या हातानं उचलून बादलीत टाकली.

“एली! ग्लोव्ह्ज!” कस्तुरी ओरडली. सुहासिनीबाईंनी तिचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला.

मग ती नळाशी गेली. बाही वर सारून तिनं हात पाण्याखाली धरला आणि साबण चोळत राहिली. धुतला, पुन्हा चोळला, पुन्हा धुतला. पाणी बर्फासारखं. हात लाल झाला, मग जांभळट, तरी ती थांबेना. फर्गसनं लांबून विचारलं, “ऑल राइट?” तिनं वळून न बघता अंगठा वर केला.

परतताना गाडीत ती एवढंच बोलली, “आई, समरला सांगू नका. उगाच घाबरेल.”

सुहासिनीबाईंनी तेही ऐकलं.

मंगळवारी दुपारी कस्तुरी घरूनच काम करत होती. ती खुर्चीतून उठली आणि टेबलाची कड धरून तशीच उभी राहिली. सुहासिनीबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. काही विचारावं लागलं नाही.

हॉस्पिटलातली डॉक्टर मऊ आवाजाची होती. स्कॅनच्या पडद्यावर पाहायचं ते तिनं बराच वेळ पाहिलं, मग पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला. कस्तुरीनं तिला औषधाचं नाव सांगितलं, अंगावर किती सांडलं ते सांगितलं, आणि विचारलं, त्यामुळेच का? डॉक्टर म्हणाली, सांगता येत नाही. असू शकेल. नसेलही. इतक्या लवकर जातात त्यातले बरेचसे कशामुळे जातात, ते कधीच कळत नाही. कस्तुरीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, शब्द बदलून. डॉक्टरनं पुन्हा तेच उत्तर दिलं, शब्द न बदलता. या उत्तरासारखं दुष्ट दुसरं काही नसेल असं सुहासिनीबाईंना वाटलं. दोष आहे असं म्हटलं असतं तर तो कुठेतरी ठेवता तरी आला असता.

समर बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा होता. डोळे सुजलेले. त्याला आता सगळं कळलं होतं. आईला त्यानं कॉफीच्या मशीनपाशी बाजूला घेतलं.

“आई, हे सेंटरमध्ये कोणाला कळता कामा नये.”

“अरे, पण तिथंच तर—”

“म्हणूनच. फर्गसनं विचारलं होतं ना? सगळ्यांसमोर? तेव्हा ही गप्प बसली. म्हणजे चूक कोणाची ठरेल? तिचीच. तिचा व्हिसा त्यांच्या नावावर, माझा तिच्या नावावर. त्यांनी हात वर केले तर आम्हाला दोन महिन्यांत गाशा गुंडाळायला लागेल. मी त्यांना फ्लू म्हणून कळवलंय. तू कोणाला बोलू नकोस. अगदी कोणाला नाही. प्लीज.”

सुहासिनीबाई मुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याच्या तोंडून जिजीच बोलत होत्या.

घरी आल्यावर कस्तुरी भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. सुहासिनीबाई मऊ भात आणत, त्यावर मेतकूट आणि तूप. ती दोन घास खाई, ताट परत देई, “थँक यू, आई” म्हणे. रागावली असती, ताट भिरकावलं असतं, तर बरं झालं असतं. सुहासिनीबाई सकाळी देवापुढे बसत, आणि इतकी वर्षं श्वासासारखी आपोआप येणारी नावं मधेच कुठेतरी थांबत. मग पुन्हा पहिल्यापासून. देवाला त्या काही विचारत नव्हत्या. विचारायचं तोंड नव्हतं.

रविवारी दुपारी समर सामान आणायला बाहेर पडला. दार लागल्याचा आवाज आला आणि कस्तुरी आपण होऊन उठून बसली.

“आई, बसा जरा.”

सुहासिनीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

“तुम्ही सांगितलंत म्हणून झालं असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका,” कस्तुरी म्हणाली. “मलाही बोलायचं नव्हतंच. बोलले की ते खरं होईल, आणि खरं झालं की जाईल, असं वाटायचं. तुमचं वाक्य मला सोयीचं पडलं.”

“त्या दिवशी गोठ्यात,” सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आधीच बारीक, तो आणखी बारीक झाला, “मला कळलं होतं गं. तू बाटली दाखवलीस तेव्हाच.”

“माहितेय.”

“तुला कसं?”

“मी तुमच्याकडेच बघत होते ना. वाटलं, आता तुम्ही म्हणाल, ठेव ते खाली. तुम्ही म्हणाला असता तर ठेवलं असतं.”

सुहासिनीबाईंनी तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. बाहेर कौन्सिलची गाडी बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मिठाचे खडे टाकत गेली.

“एलीची पाळी चुकलीय,” कस्तुरी एकाएकी म्हणाली.

“काय?”

“तिनं मला त्या रविवारच्या आधीच सांगितलं होतं. टेस्टसुद्धा करत नाहीये, घाबरते. मागे दोनदा गेलंय तिचं. इथेही लोक बारा आठवडे कोणाला सांगत नाहीत, आई. आपल्यासारखंच. आणि मी नाही म्हणून उद्या सकाळी पुढच्या तुकडीला तीच इंजेक्शनं एली देणार आहे.”

“मग कळव तिला! आत्ता कळव.”

कस्तुरीनं फोन पुढे केला. सुहासिनीबाईंना इंग्रजी वाचता येत होतं, सावकाश. कस्तुरीनं लिहिलं होतं, उद्या तू इंजेक्शनं देऊ नकोस, डगीला द्यायला सांग. एलीचं उत्तर होतं, डगीनं कारण विचारलं तर काय सांगू? ग्लोव्ह्ज आहेत, काळजी नको, तू फ्लूतून बरी हो. शेवटी एक हसरा चेहरा.

“पण तिला ते औषध काय करतं ते माहीत असेलच की.”

“मला माहीत नव्हतं का?”

सुहासिनीबाईंनी फोन तिला परत दिला.

“माझं काय झालं ते तिला माहीत नाही,” कस्तुरी म्हणाली. “कितीदा लिहायला घेतलं. नाही लिहिता येत. फोन लावला तर तिचा आवाज ऐकून मी रडेन, ती म्हणेल फ्लूनं अशक्तपणा आलाय. समरनं नको म्हटलंय, आणि त्याचंही चूक नाही. तो घाबरलाय. मला अजून जिना उतरवत नाही.” ती थांबली. “तुम्ही जाल?”

“मी?”

“एली किलमार्नॉकला स्टेशनसमोरच राहते. इथून सरळ ट्रेन आहे. ती कामाला निघायच्या आत तिला घरी गाठायचं.”

“अगं, माझं इंग्रजी म्हणजे दुकानात दूध मागण्यापुरतं. ती काय म्हणेल ते मला कळायचं नाही, मी काय म्हणते ते तिला.”

“तुम्ही नुसत्या तिच्या दारात उभ्या राहिलात तरी अर्धं कळेल तिला. तुम्ही एकट्या तिथवर गेलात म्हणजे काहीतरी झालंय हे तिला कळेलच. मग सांगा, गेलं म्हणून.”

“आणि नाही ऐकलं तर?”

“तर तिच्याच गाडीत बसा आणि फर्गसकडे जा. त्याला आपलं सांगा. फक्त आपलं. तिचं नाही सांगायचं. आपलं ऐकलं की तो कोणाही बाईला त्या बाटलीला हात लावू देणार नाही.”

“मग तुझी नोकरी?”

कस्तुरी खिडकीकडे बघत राहिली. “गेली तर जाईल.”

“समर?”

“त्याला मी सांगेन. तुम्ही गेल्यावर.” मग तिनं आठवड्यात पहिल्यांदाच स्वतःहून सासूचं मनगट धरलं, घट्ट. “शब्द द्या, आई. नंतर विचार करते म्हणू नका. दिला म्हणा.”

सुहासिनीबाईंनी आयुष्यात फार थोडे शब्द दिले होते. त्या दिलेला पाळत, म्हणून देताना घाबरत. मुलानं हात जोडून ‘बोलू नकोस’ म्हटलेलं कानात ताजं होतं. त्याच्याशी आपण उघड उघड बेइमानी करणार आहोत, त्याचा इथला संसार कदाचित मोडणार आहोत, हे त्यांना लख्ख दिसत होतं. एलीचं पोट मात्र त्यांना दिसत नव्हतं. कदाचित तिथे काही नसेलही.

“दिला,” त्या म्हणाल्या.

मग सुनेनं सासूला इंग्रजी शिकवलं. सोपी वाक्यं, एका वेळी एक.

“माय डॉटर-इन-लॉ. शी लॉस्ट द बेबी.”

“लॉस्ट म्हणजे हरवलं ना?”

“हो.”

“हरवलं कसं म्हणायचं? कुठे आहे ते ठाऊक असताना?”

“तसंच म्हणतात, आई.” कस्तुरीचा चेहरा वाकडातिकडा झाला, आणि मग ती रडली. त्या मंगळवारपासून रडली नव्हती. सुहासिनीबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचा हुंदका जरा थांबला की एकेक वाक्य म्हणून दाखवत राहिल्या, बरोबर येईपर्यंत.

सोमवारी त्या नेहमीपेक्षा लवकर उठल्या. आंघोळ केली. निरांजन लावलं. सहस्रनामाला बसायला वेळ नव्हता. ते पुरं झाल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, हा नेम लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनचा. तापात मोडला नव्हता, समरच्या वडलांना नेलं त्या दिवशीही मोडला नव्हता. आज एलीच्या दारात पोचताच बोलायला लागणार होतं. त्यांनी देवांसमोर हात जोडले. क्षमा मागावी असं आधी मनात आलं, पण कशाकशाची मागायची, याला काही अंतच लागेना. त्यांनी नुसतं डोकं टेकवलं आणि उठल्या.

समर घोरत होता. त्याच्या अंगावरची रजई पायाशी गोळा झाली होती, ती त्यांनी वर ओढली. पुढच्या खोलीत कस्तुरी जागी होती. ट्रेनचं तिकीट फोनवर काढलेलं, तो फोन तिनं सासूच्या हातात दिला, आणि त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

“घरात जाऊन बसा, दारातच बोलू नका,” ती कुजबुजली. “तिला आधी खाली बसवा.”

सुहासिनीबाईंनी मान हलवली. कुलपाचा आवाज होऊ नये म्हणून दार अंगानं लोटून धरलं आणि मग किल्ली फिरवली. जिन्यावरचा दिवा आपोआप लागला. कठड्याला धरून, एकेक पायरी बघून त्या खाली उतरल्या.

बाहेर अजून अंधारच होता. फुटपाथवर मिठाचे खडे करकरत होते. कोपऱ्यावर एक माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता. तो “मॉर्निंग” म्हणाला. “मॉर्निंग,” सुहासिनीबाई म्हणाल्या. नेम सुटला तो असा, एका अनोळखी माणसाला दिलेल्या उत्तरात. त्या घटकाभर थबकल्या. मग कोटाच्या खिशात फोन घट्ट धरून, ओठांत ती वाक्यं घोळवत, स्टेशनच्या रस्त्याला लागल्या.